सुप्याचा बाजार आणि जळालेलीं खतें

जुन्या दप्तरांचा शोध करणाऱ्यांस कागदाचे दोन शत्रु चांगले परिचित आहेत : एक वाळवी व दुसरा वंशज. वाळवी कागद खाते. वंशज तो बंबांत घालतो किंवा रद्दीच्या भावानें वाण्यास देतो. परंतु दक्षिणेंतील कांहीं तालुक्यांत कागद नाहींसे होण्यास एक तिसरें कारण घडलें आहे, व त्याचा विचार आम्हां संग्राहकांत फारसा होत नाहीं. ज्यांच्या निशाण्या त्या कागदांवर होत्या त्यांनींच ते बुद्ध्या जाळले. शके १७९७च्या वैशाखांत, म्हणजे इ. स. १८७५च्या मे महिन्यांत, पुणें जिल्ह्यांतील सुपें येथून ही जाळपोळ सुरू झाली, आणि चार वर्षांनीं तिचें पर्यवसान एका कायद्यांत झालें. या प्रकरणाचें राजकीय व आर्थिक विवेचन अनेकांनीं केलें आहे. तेंच प्रकरण कागदाच्या दृष्टीनें पाहिलें असतां काय दिसतें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

सुपें म्हटलें कीं आमच्या वाचकांस शहाजीराजांची जहागीर आठवते, आणि इ. स. १६५६त शिवाजीमहाराजांनीं आपले सावत्र मामा संभाजी मोहिते यांस तेथून दूर केल्याची हकीकत आठवते. एकोणिसाव्या शतकांतील सुप्याची आठवण मात्र क्वचितच कोणी काढतो. तेव्हां हें गांव भीमथडी तालुक्यांत होतें. आज तें बारामती तालुक्यांत मोडतें. आसपासचा मुलूख कोरडवाहू, पाऊस बेभरंवशाचा. तेथील व्यापार व सावकारी मुख्यत्वें मारवाडी व गुजर यांच्या हातीं होती.

त्या काळचें कुणब्याचें कर्जाचें खत ज्यांनीं हातीं धरलें आहे त्यांस त्याचा साचा ठाऊक आहे. मजकूर सावकाराचा, अक्षर सावकाराच्या किंवा त्याच्या कारकुनाच्या हातचें, मुद्दल किती व व्याज किती हा हिशेब सावकाराच्या वहींतला. कुणब्याचें म्हणून त्या सबंध कागदांत जें कांहीं आहे तें तळाशीं : एक ओबडधोबड नांगर, व त्याखालीं 'निशाणी नांगराची' असे शब्द, तेही दुसऱ्यानेंच लिहिलेले. तीनशें वर्षांपूर्वींच्या महजरांवर हाच नांगर आढळतो. पण तेथें तो गोताच्या साक्षीसाठीं आहे. पाटलाचा व कुणब्याचा नांगर, त्याच्या बाजूला बलुतेदारांचीं आपापलीं हत्यारें, आणि त्या सर्वांच्या संमतीनें वतनाचा वाद तुटलेला. खतावरील नांगर एकटा असतो. तो साक्ष देत नाहीं, बांधला जातो. निशाणी तीच, पण कागदाची जात पालटली. आणि हा पालट इंग्रजी न्यायकोर्टांनीं घडवून आणला असें आमचें मत आहे. पूर्वीं सावकारास वसुलीसाठीं गांवाची मर्जी राखावी लागे. आतां त्यास हुकूमनामा मिळूं लागला, आणि हुकूमनाम्यास खत पुरे होई. गांवाला विचारण्याचें कारण उरलें नाहीं.

त्यांत १८५९ सालीं मुदतीचा कायदा झाला. साध्या खताची मुदत तीन वर्षें ठरली. लांबलेलें व्याज सावकारानें वर्षानुवर्षें सांचवूं नये, असा हेतु. घडलें उलट. दर तीन वर्षांनीं जुनें खत मोडून नवें करून घेण्याचा प्रघात पडला, व प्रत्येक नव्या खतांत मागील व्याज मुद्दल होऊन बसूं लागलें. अमेरिकेंतील यादवीच्या काळांत, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव चढले आणि सावकारानें हात सैल सोडला. लढाई संपतांच भाव उतरले व त्यानें तोच हात आंखडला. इकडे इंदापुरास १८३६ सालीं गोल्डस्मिड व विंगेट यांनीं बसविलेल्या जमाबंदीचीं तीस वर्षें भरलीं होतीं. १८६७त नवी आकारणी आली, आणि सारा चढला तो नेमका भाव उतरतांना. कर्ज तीन वर्षांनीं नवें होई, सारा दरसाल द्यावा लागे, पाऊस मात्र येईल तेव्हां येई. याहून अधिक स्पष्टीकरणाची आवश्यकता आम्हांस वाटत नाहीं.

ठिणगी सुप्यास पडली नाहीं. ती आधींच शिरूर तालुक्यांतील कर्डें गांवीं पडली होती. तेथील बाबासाहेब देशमुख यांच्यावर कालूराम नांवाच्या मारवाडी सावकारानें दीडशें रुपयांचा हुकूमनामा मिळवून त्यांचें घर लिलांवांत तेवढ्याच रकमेस घेतलें. देशमुख त्याच घरांत भाडेकरू म्हणून राहण्यास कबूल होते. सावकारानें तें मानलें नाहीं. घर पाडावयाचें ठरविलें. देशमुख हें नांव पाहून कोणी म्हणेल कीं हा सामान्य मनुष्य कसा? परंतु १८७४च्या अखेरीस कर्ड्यांतील देशमुखी ती काय राहिली होती! वतनाचें नांव तेवढें उरलें होतें, आणि बाकी दैन्य शेजारच्या कुणब्याच्यासारखेंच होतें. गांवानें त्या घरांत आपलें घर पाहिलें.

पुढें गांवानें जें केलें त्याकडे जुन्या कागदांच्या अभ्यासकानें विशेष लक्ष द्यावें. कोणी काठी उचलली नाहीं. सावकारांस वाळींत टाकलें. न्हावी त्यांची हजामत करीना, पाणक्या पाणी भरीना, शेतावर मजूर जाईना. शेवटीं त्यांना तालुक्याच्या गांवीं शिरूरास जाऊन राहणें भाग पडलें. हा बहिष्कार गांवोगांव पसरला, आणि तो पसरला तो कागदावर. इंदापूर तालुक्यांतील कळस येथील समापत्र सरकारी अहवालामुळें आपणांस उपलब्ध आहे. त्याचा आशय असा कीं, गुजरांचीं शेतें कोणी करूं नयेत. जो करील त्याचें काम न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार आदि बलुतेदारांनीं करूं नये. महजर ज्यांच्या पाहण्यांत आहेत त्यांस ही भाषा ओळखीची वाटेल. गोतसभेला सरकारांत कोणी विचारीनासें होऊन अर्धें शतक लोटलें होतें, पण तिची रीत कुणब्याच्या अंगीं मुरलेली होती. ज्यास खतावर स्वतःचें नांव लिहितां येत नव्हतें त्यानें संकटसमयीं आपल्या आजोबाचा कागद बरोबर शोधून काढला.

बुधवार, ता. १२ मे १८७५. सुप्यास आठवड्याचा बाजार भरला होता. भोंवतालच्या गांवांचे कुणबी नेहमीप्रमाणें आले, आणि बाजार मोडण्याऐवजीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेले. धान्य लुटलें, कापड लुटलें, एक घर जाळलें. परंतु मुख्य हेतु वह्या व खतें हस्तगत करण्याचा होता, हें चौकशींत पुढें निर्विवाद ठरलें. पुढील कांहीं आठवड्यांत दंगा भीमथडीच्या आसपास व नगर जिल्ह्यांत पारनेर, श्रीगोंदें, कर्जत इकडे पसरला, तेव्हां तर हें फारच स्पष्ट झालें. सावकारानें खतें आपण होऊन काढून दिलीं, तर ती मंडळी तीं चव्हाट्यावर जाळून निघून जात. न दिलीं, तर मारहाण व जाळपोळ होई. कांहीं ठिकाणीं ती क्रूरपणाची झाली, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. पण खून झाला नाहीं. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जेथें ब्राह्मण किंवा इतर देशी सावकार होते तेथें त्यांच्या वाटेस सहसा कोणी गेलें नाहीं. रोख परक्या मारवाडी-गुजरांवर राहिला. देशी सावकाराचें व्याज कांहीं हलकें नसे. तेव्हां या दंग्यांत न्यायबुद्धीबरोबर परकेपणाचा द्वेषही होता, हें आम्ही नमूद करून ठेवतों. सामान्य लोकांचा इतिहास लिहितांना त्यांस संत करून ठेवण्याचा एक नवा प्रघात दिसतो. तो आम्हांस मान्य नाहीं.

सरकारनें सैन्य आणलें. सुमारें हजार मनुष्यें धरलीं, व त्यांपैकीं निम्म्यांच्या आसपास लोकांस शिक्षा झाल्या. कागदाच्या हिशेबानें येथें प्रकरण संपावयाचें. परंतु १८५७ची आठवण अद्याप ताजी होती. मुंबई सरकार चौकशी-कमिशन नेमण्यास तयार नव्हतें, तरी हिंदुस्थानसरकारनें तें नेमावयास लावलें. त्याचा अहवाल १८७८त पार्लमेंटापुढें गेला. पुढील वर्षीं होप साहेबांनीं वरिष्ठ कायदेकौन्सिलांत विधेयक मांडलें, व १८७९ सालीं डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागू झाला.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे. अधिकाऱ्यांस कुणब्याच्या कर्जाची माहिती होतीच, आज ना उद्यां कायदा झालाच असता. मग श्रेय दंग्यास कां द्यावें? पहिलें म्हणणें खरें आहे. ज्या विंगेटनें जमाबंदी बसविली त्यानेंच १८५२त सावकार व कुणबी यांच्या बिघडलेल्या संबंधाविषयीं सरकारास स्पष्ट लिहिलें होतें. तें लेखन उत्तम आहे, आणि तें दप्तरांत तेवीस वर्षें पडून राहिलें. म्हणजे एकीकडे न जळलेला कागद, ज्यानें कांहींच घडलें नाहीं. आणि दुसरीकडे जळलेला कागद, ज्यानें कायदा घडला. कागद जपणें हाच ज्यांचा धर्म, त्या आम्हां संग्राहकांस ही तुलना थोडी बोंचते, पण ती टाळतां येत नाहीं.

आणि कायद्यांत काय आलें तें पाहिलें कीं, दंगेखोरांचा नेम किती अचूक होता हें कळतें. कोर्टानें नुसत्या खतावर विसंबूं नये, त्याच्या मागचा सगळा व्यवहार मुळापासून तपासावा. पैशाच्या हुकूमनाम्यासाठीं कुणब्यास कैदेंत टाकूं नये. स्पष्टपणें गहाण नसलेली जमीन विकूं नये. कुणब्याचें खत गांवच्या रजिस्ट्रारानें स्वतः किंवा आपल्या देखरेखीखालीं लिहवावें व त्यावर आपली साक्ष घालावी. फेडीची पावती, सालोसालचा हिशेब व पासबुक मागण्याचा कुणब्यास हक्क असावा. कायद्याचा मोठा भाग कागद कोणीं, कसा व कोणासमोर लिहावा याविषयींचा आहे. सुप्याच्या बाजारांत जें हातानें व आगीनें सांगितलें गेलें, तेंच शिमल्यास कलमवार लिहिलें गेलें.

कायद्यानें कुणबी ऋणमुक्त झाला असें मात्र कोणी समजूं नये. मध्यंतरीं १८७६-७८चा दुष्काळ येऊन गेला होता. सावकारांनीं पत आंखडली, आणि गहाणखताऐवजीं खरेदीखतच लिहून घेण्याची युक्ति काढली. आंतून व्यवहार गहाणाचा, वरून कागद विक्रीचा. कागदावरची ही झटापट पुढें अनेक वर्षें चालली.

आतां संग्राहकांसाठीं दोन शब्द. या तालुक्यांतील एखाद्या सावकारी घराण्याचें दप्तर १८७५च्या सुमारास एकाएकीं सुरू होत असेल, तर मागील भाग वाळवीनें खाल्ला असें चटकन् लिहूं नये; ते घराणें व तें गांव दंग्यांत सांपडलें होतें काय, हें आधीं पाहावें. चार जिल्ह्यांतील १८७९नंतरचीं कुणब्यांचीं खतें आधींच्यांपासून वेगळीं बांधावीं. गांवच्या रजिस्ट्राराची साक्ष ही त्यांची खूण. फाटलेलें खत निकामी म्हणून टाकूं नये. कर्ज फिटल्यावर खत फाडून परत देण्याची चाल होती, म्हणून तो फाटा हीच पुष्कळदां त्याची पावती असते. आणि समापत्रें! घराण्याच्या सनदा व वंशावळी देवघरांत जपून ठेवलेल्या सांपडतात. समापत्र कोणा एकाच्या मालकीचें नसल्यामुळें तें कोणींच जपलें नाहीं. कळसचें समापत्र आपणांस मिळतें तें सरकारी अहवालांतून. मूळ मोडी प्रत एखाद्या कुळकर्ण्याच्या रुमालांत, सारापावत्यांच्या खालीं, अद्याप असूं शकेल. ज्या कोणाचें त्या बाजूस जाणें-येणें असेल त्यानें रुमाल तळापर्यंत सोडून पाहावा, आणि नुसता नांगर काढलेला कागद दिसला तरी तो बाजूस काढून ठेवावा.