गवत आहे, पण घर पेलतंय!

गवत म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? लॉन, नाहीतर गोठ्यातली पेंढी. दक्षिण अमेरिकेत कोलंबियामध्ये मात्र एक गवत वीस मीटरच्या वर जातं आणि लोक त्याची घरं बांधतात. नाव ग्वादुआ. हा बांबूचा प्रकार. बांबू हे गवतच, पण आपल्याकडे कायद्याला ते उशिरा पटलं. २०१७ पर्यंत भारतीय वन कायद्यात तो चक्क 'झाड' होता!

ग्वादुआचा कोंब ज्या जाडीचा वर येतो, तेवढाच जाड शेवटपर्यंत राहतो. सहाएक महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. पण लगेच तोडायला गेलात तर फसलात. बांधकामाचा घट्टपणा यायला चार-पाच वर्षं लागतात. कोवळा हिरवागार असतो, पिकलेल्यावर पांढुरके डाग येतात. तोड खालच्या गाठीच्या अगदी वर घ्यायची, नाहीतर खुंटात पाणी साचून कूज धरते. आणि तीही कृष्ण पक्षात, पहाटे. आपल्या कोकणातली जुनी माणसंही अगदी हेच सांगतात! तेव्हा रस कमी, म्हणून कीड कमी, असं दोन्हीकडचं म्हणणं. आता भरवसा चंद्रावर नाही, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यावर.

तरी ग्वादुआ म्हणजे गरिबांचा माल, हा शिक्का होताच. २५ जानेवारी १९९९ ला आर्मेनियात (देश नव्हे, कोलंबियातलं शहर) भूकंप झाला, हजाराहून जास्त माणसं गेली. विटा-काँक्रीटच्या कच्च्या बांधकामांनी जीव घेतले. नीट राखलेली 'बाहारेके' घरं मात्र बऱ्याच ठिकाणी तगली. बाहारेके म्हणजे ग्वादुआचा सांगाडा, त्यावर चिरलेल्या बांबूचा थर आणि गिलावा. थोडक्यात, आपलं कुडाचं घर. हलकं आणि लवचीक, म्हणून हादरा सोसतं. पुढे २०१० च्या तिथल्या बांधकाम नियमावलीत ग्वादुआला स्वतंत्र प्रकरणच मिळालं.

वास्तुरचनाकार सिमोन व्हेलेस यांनी आणखी एक भारी युक्ती काढली. जोडाच्या ठिकाणी पोकळ पेरात सिमेंट भरायचं आणि बोल्ट आवळायचा. २००० च्या हॅनोवर एक्स्पोसाठी त्यांनी ग्वादुआचा प्रचंड मंडप आखला. जर्मनांचा विश्वास बसेना. मग तस्साच मंडप आधी कोलंबियातल्या मनिझालेसमध्ये उभारला, त्यावर वजनं टाकून चाचण्या झाल्या, तेव्हा कुठे परवानगी मिळाली.