ओव्हरफ्लोच्या नळीचं ऐका

नोव्हेंबर 1985मध्ये यामाहा आरएक्स 100 भारतीय रस्त्यावर आली आणि 1996मध्ये तिचं उत्पादन थांबलं. 98 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, 11 हॉर्सपॉवर आणि कानाला ओळखू येणारा आवाज एवढ्या भांडवलावर ही गाडी महाराष्ट्रातल्या गावोगावी अजून जपली जाते. जपणाऱ्यांची तक्रार मात्र ठरलेली: सकाळी गाडीखाली ओला डाग आणि जिन्याखाली पेट्रोलचा वास. गॅरेजमध्ये त्याचं निदान तीन शब्दांत होतं: कार्बोरेटर ओव्हरफ्लो मारतोय.

या पिढीच्या मोटारसायकलींना पेट्रोल ओढणारा पंप नसतो. टाकी वर, कार्बोरेटर खाली. पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. टाकीखालचा कॉक उघडा असेपर्यंत ते येतच राहणार, म्हणजे कुठेतरी अडवायला हवं. ते काम कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीत, फ्लोट चेंबरमध्ये होतं. गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखाच हा प्रकार. पेट्रोल चढलं की फ्लोट उचलला जातो आणि छोटी निडल पितळी सीटमध्ये शिरून वाट बंद करते. इंजिनाने पेट्रोल ओढलं की पातळी उतरते, निडल मोकळी होते. जर्मनीत विल्हेल्म मायबाखने 1893मध्ये फवारा मारणारा कार्बोरेटर बनवला, त्यातही पातळी राखायला फ्लोटच होता. ती पातळी जेटच्या तोंडाच्या जरा खाली राहावी लागते. मिलिमीटर-दोन मिलिमीटर जरी वर गेली, तरी मिश्रणात पेट्रोल जास्त होतं, प्लग काळा पडतो आणि ॲव्हरेज घसरतं.

निडल बसली नाही तर काय, याचा विचार कार्बोरेटर बनवणाऱ्यांनी आधीच केलेला असतो. बऱ्याच कार्बोरेटरांच्या चेंबरमध्ये एक उभी पितळी नळी असते. पातळी तिच्या तोंडापर्यंत पोचली की जादा पेट्रोल तिच्यातून खाली रस्त्यावर पडतं. हा थेंब दिसला की लोक चिडतात आणि नळीच्या टोकात स्क्रू ठोकतात. मग ते पेट्रोल इंजिनाकडे वळतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस भरतो. फोर-स्ट्रोकमध्ये ते पिस्टनच्या रिंगांमधून ऑइलमध्ये झिरपतं आणि ऑइल पातळ होतं. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ते बदलल्याशिवाय किक मारू नये.

दुरुस्तीत पान्ह्याआधी लागतं ते फडकं. कार्बोरेटर कोरडा पुसायचा, कॉक उघडायचा आणि ओल कुठून सुरू होते ते बघत बसायचं. चेंबरच्या सांध्यावर ओल असेल तर गॅस्केट गेलं. ड्रेन स्क्रूपाशी असेल तर त्याचा वॉशर. पाइपला चीर असेल तर पाइप बदलायचा. कॉकच पाझरत असेल तर कार्बोरेटर खोलायचं कारणच नाही. आणि थेंब ओव्हरफ्लोच्या नळीतून येत असेल तर संशय निडलवर, नाहीतर फ्लोटवर.

निडलचा नेहमीचा शत्रू म्हणजे कचरा, आणि जुन्या टाकीतला गंज हा त्याचा न आटणारा साठा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चेंबरवर हलके ठोके दिले की अडकलेला कण कधी कधी सुटतो. पण टाकी साफ केली नाही तर दुसरा येतो. निडल उजेडात धरून बघावी. टोकावर घासल्याची वर्तुळाकार रेघ दिसली तर ती संपली. सीट बदलता येण्यासारखी असेल तर दोन्ही एकदम बदलाव्यात, आणि सीटला पॉलिश पेपर कधीच लावू नये. फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल खळखळलं तर तो जड होऊन बुडतोय. कधी हे सगळं ठीक असूनही गळती थांबत नाही, कारण उभ्या नळीलाच केसाएवढी चीर गेलेली असते. काढलेल्या चेंबरमध्ये नळीच्या तोंडाखालीच राहील एवढं पेट्रोल ओतून पाहिलं की ती पकडली जाते. शेवटी फ्लोटची उंची: निडलमागची स्प्रिंगची पिन न दाबता फ्लोटची जीभ नुसती टेकलेली असताना ती मोजतात. आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलचाच घ्यायचा.

हे काम उघड्यावर करावं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीलाही गाठते.

आता पेट्रोलही बदललं आहे. त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि 1980च्या दशकातलं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. ते फुगतं किंवा कडक होऊन तडकतं. इथेनॉल ओलावाही धरून ठेवतं, त्यामुळे उभ्या गाडीच्या टाकीत गंजाला आणखी वाव मिळतो. कार्बोरेटरचं नवं किट घेताना त्यातलं रबर इथेनॉलला टिकणारं आहे का, हे विचारून घ्यावं. महिनाभर गाडी निघणार नसेल तर चेंबर रिकामा करून ठेवावा.

एप्रिल 2020मध्ये बीएस-6 नियम आले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींनी फ्युएल इंजेक्शन घेतलं. तिथे बिघाड शोधायला बहुधा स्कॅनर लागतो. कार्बोरेटरला अजून डोळे, नाक आणि सबुरी पुरते.

दुरुस्तीनंतरची परीक्षा मात्र कॉक उघडा ठेवूनच घ्यायची. आधी मेन स्टँडवर अर्धा तास, मग साइड स्टँडवर, कारण गाडी कलली की चेंबरमधली पातळीही तिरपी होते. खाली पसरलेलं वर्तमानपत्र कोरडं राहिलं तर काम झालं. कॉक बंद करून ‘बघा, गळत नाही’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला मजुरी देण्याआधी तो कॉक स्वतःच्या हाताने उघडावा.