हिरव्या मखमलीतील बिऱ्हाडकरू

पावसाळा सुरू झाला, की जुन्या भिंती, दगड आणि वृक्षांची खोडे हिरव्या मखमलीने झाकून जातात. ही मखमल म्हणजे चिमुकल्या वनस्पतींची दाट वसाहतच होय. त्यांपैकी इवल्या पानांच्या, उभ्या वाढणाऱ्या वनस्पतींना ‘हरिता’ म्हणतात. आणि ज्या बहुधा चपट्या असून जमिनीला चिकटून पसरतात, त्यांना ‘यकृतका’ म्हणतात. दोघींनाही खरी मुळे नसतात. केसांसारख्या बारीक मूलाभांनी त्या माती धरून ठेवतात.

एवढ्याशा वनस्पतीच्या आश्रयाला आणखी कोण येणार, असे आपणांस वाटेल. परंतु तिच्या घरीही बिऱ्हाडकरू असतात! ते म्हणजे सूक्ष्म कवके. शिळ्या भाकरीवरील बुरशी ही त्यांच्याच कुळातली. कवकांत हरितद्रव्य नसल्यामुळे त्यांना स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. ते इतरांकडून मिळवावे लागते.

पॉलिट्रायकम या हरितेच्या पानावर हिरव्या पेशींच्या पातळ पट्ट्या, पुस्तकाच्या पानांप्रमाणे, शेजारी शेजारी उभ्या असतात. त्यांच्यामधील अरुंद फटींत ओलावा टिकून राहतो आणि तेथेच काही कवके सुखाने नांदतात. त्यांची फळे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी लहान असतात. जर्मनीतील पीटर डोबेलर या शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शक यंत्राच्या साहाय्याने अशा अनेक नव्या जाती शोधून काढल्या.

काही कवके मात्र यजमानाला लुटतात. ऑक्टोस्पोरा नावाच्या कवकाचे तंतू मूलाभांना ग्रासून त्यांतील अन्न शोषून घेतात. मग हरितांच्या दाटीत त्याच्या नारिंगी चकत्या उगवतात.

तथापि सर्वच कवके अशी नसतात. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी मार्केंशिया या यकृतकेची काही रोपे कवकासह आणि काही कवकाविना वाढविली. कवकाचा सहवास लाभलेली रोपे अधिक जोमाने वाढली, असे त्यांनी २०१० साली प्रसिद्ध केले. कवकाने मातीतून स्फुरद व नत्र आणून दिले आणि यकृतकेने त्याला आपल्या अन्नातील वाटा दिला.

सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी वनस्पती पाण्यातून भूमीवर आल्या, तेव्हा त्यांना मुळे नव्हती. त्या उजाड भूमीत कवकांच्या तंतूंनीच त्यांना मुळांप्रमाणे साहाय्य केले असावे, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. स्कॉटलंडमधील सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत वनस्पतींच्या पेशींमध्ये शिरलेली कवके जशीच्या तशी आढळली आहेत.

म्हणून भिंतीवरील ही मखमल खरवडून टाकण्यापूर्वी ती एकदा भिंगातून न्याहाळून पाहा. आज पृथ्वीवर जी वने डोलत आहेत, त्यांचा आरंभ अशाच दोन दुबळ्या जीवांनी एकमेकांना दिलेल्या आधारातून झाला असावा.