पडद्यामागचा उजेड : एलईडीचा मागोवा

तांबडा एलईडी १९६२ मध्येच अमेरिकेत निक होलोन्याक यांनी तयार केला होता. निळा मात्र पुढची तीस वर्षे नीट जमेना. गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढवणे हीच खरी अडचण होती. नागोयात इसामु अकासाकी व हिरोशी अमानो यांनी आणि तोकुशिमातील निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी ती सोडवली. १९९३ मध्ये लख्ख निळा एलईडी आला. त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला की पांढरा उजेड मिळतो. २०१४ चे भौतिकीचे नोबेल या तिघांना मिळाले.

घरातल्या दिव्यासाठी हा उजेड फार महाग होता. त्याला पहिले मोठे गिऱ्हाईक मिळाले ते मोबाइलच्या रंगीत पडद्याचे, मग टीव्हीचे. एलसीडी टीव्हीच्या काचेमागे पूर्वी बारीक फ्लुरोसंट नळ्या असत. २००९ च्या सुमारास त्यांच्या जागी कडेने एलईडीच्या पट्ट्या बसू लागल्या. टीव्ही पातळ झाला, विजेचा खपही उतरला. लोकांनी पैसे मोजले ते पातळ टीव्हीसाठी आणि चांगल्या चित्रासाठी. वीजबचत आयतीच पदरात पडली. हरित तंत्रज्ञानाच्या इतिहासात करमणुकीचा हा वाटा फार क्वचित नोंदला जातो. कोरिया, तैवान आणि चीनमध्ये एलईडीचे कारखाने वाढले, चीनमध्ये तर यंत्रांवर सरकारी अनुदानही मिळाले. माल मागणीपेक्षा जास्त झाला, चिपचे भाव कोसळले आणि एलईडी बल्ब आवाक्यात येऊ लागला.

पुढचे काम धोरणाने केले. भारतात २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा झाला, २००६ मध्ये उपकरणांची वीजबचत ताऱ्यांनी दाखवणारे स्टार लेबल आले. २०१५ च्या उजाला योजनेत सरकारी कंपनी ईईएसएलने एलईडी बल्बच्या घाऊक निविदा काढल्या. २०१४ मध्ये तीनशे रुपयांच्या वर असलेला खरेदीदर २०१६ मध्ये ४० रुपयांच्या आत आला. ६० वॉटच्या पिवळ्या बल्बच्या जागी ९ वॉटचा एलईडी लागला. काही ठिकाणी त्याचे पैसे वीजबिलातून महिन्याला दहा-दहा रुपयांनी फेडता येत. योजनेतून ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले.

उत्पन्न वाढले तसे पडदेही वाढले. २१ इंचांच्या जागी ४३ आणि ५५ इंचांचे टीव्ही आले; क्षेत्रफळाबरोबर वीजही वाढते, म्हणून बचतीचा काही भाग तिथेच खर्ची पडला. भारतात रंगीत टीव्हीला स्टार लेबल २०१६ मध्ये सक्तीचे झाले. युरोपीय संघाने मार्च २०२३ पासून ८-के टीव्हीही वीजमर्यादेत आणले. विजेची मोजणी मूळ सेटिंगवर होत असल्याने कंपन्या ते टीव्ही मंद उजेडाच्या सेटिंगवर विकू लागल्या. उजेड वाढवायचा की नाही, हे ग्राहकावर सोपवले गेले.