फूटपाथला चिकटून

गाडी चालवायला मी पंचेचाळिसाव्या वर्षी शिकले. लायसन्स मिळालं, पण गाडी उभी कशी करायची? आमच्या मुलुंडला पाच रस्त्याजवळ दोन गाड्यांमध्ये जेमतेम एक फट सापडते. मी मागे-पुढे करू लागले की हॉर्न सुरू, आणि कुणीतरी खिडकीशी येणारच, "ताई, उतरा, मी लावून देतो." मी निमूट उतरायचे. एकदा तर गाडी लांब लावली आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाईंना फिजिओथेरपीला भर उन्हात चालवत नेलं. त्या काही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

मग रविवारी पहाटे सोसायटीच्या आवारात दोन स्टुलांना खराटे बांधले. त्या माझ्या गाड्या! वळतात ती पुढची चाकं, म्हणून तोंड आधी घातलं की शेपूट रस्त्यावरच राहतं. जायचं ते मागूनच. पुढच्या गाडीच्या बरोबरीला, दोनेक हात अंतर ठेवून थांबायचं. सावकाश मागे येत स्टिअरिंग डावीकडे. गाडी तिरकी झाली की सरळ. आपला पुढचा डावा कोपरा त्या गाडीपासून सुटला की पूर्ण उजवीकडे. तीन रविवारांत एक खराटा कामी आला. (आणि हो, पाटी वाचायची. मुंबईत काही रस्त्यांवर सम-विषम तारखेप्रमाणे बाजू बदलते.)

परवा पुन्हा खिडकीशी, "ताई, मी लावू?"

"थांबा जरा," मी म्हटलं. दुसऱ्या प्रयत्नात गाडी बसली.

सासूबाईंनी दार ढकललं. "अगं, थोडी अलीकडे घे. दार फूटपाथला घासतंय!"