घरचे ई-टपाल : मूळ प्रत कोठे राहावी?

पारनेरसारख्या तालुक्याच्या गावी राहून बोलीची सामग्री जमविणाऱ्या अभ्यासकाकडे शब्दयाद्या, निवेदकांची उत्तरे, ध्वनिमुद्रणे असे पुष्कळ काही आता ई-मेलनेच येते. हे टपाल घरच्या संगणकावर घेण्यासाठी ‘पॉप’ किंवा ‘आयमॅप’ यांपैकी एक प्रोटोकॉल निवडावा लागतो. ही निवड बहुधा केवळ सोयीची समजली जाते. वस्तुतः पत्राची मूळ प्रत कोणाच्या ताब्यात राहावी, हा तीतील खरा प्रश्न होय.

पॉप हा दोहोंत वडील. त्याचा पहिला आराखडा १९८४ सालचा; आज वापरात असलेली तिसरी आवृत्ती १९८८ मध्ये निघाली आणि १९९६ मध्ये स्थिर झाली. त्यामागील कल्पना टपालपेटीची आहे : पेटी उघडावी, पत्रे घरी आणावी, पेटी रिकामी करावी. त्यातील एक नियम मात्र वाखाणण्याजोगा आहे. ‘काढून टाक’ म्हणून सांगितलेले पत्र सर्व्हर तत्काळ पुसत नाही; संगणकाने रीतसर निरोप घेतल्यावरच ती आज्ञा अमलात येते. मध्येच वीज गेली वा जोडणी तुटली, तर पत्र होते तेथेच राहते. ऐन उन्हाळ्यात पारनेरकरास या नियमाचे मोल वेगळे सांगावयास नको.

परंतु पॉपला ठाऊक असते ती केवळ आलेल्या पत्रांची पेटी. पाठविलेली पत्रे, विषयवार कप्पे, कोणास उत्तर दिले याची खूण, यांपैकी काहीच त्याच्या कक्षेत येत नाही.

मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड येथे रचलेल्या आयमॅपची दृष्टी निराळी आहे. येथे दप्तर सर्व्हरवरच असते व वाचक तेथे जाऊन ते चाळतो. त्यामुळे घरचा संगणक आणि खिशातील मोबाइल यांवर एकच स्थिती दिसते. पत्राचा मजकूर वाचून जड ध्वनिमुद्रण मागाहून उतरविता येते. मंद जोडणीवर हा लाभ लहान नव्हे.

मात्र आयमॅप म्हणजे सुरक्षित साठा, हा समज घातक आहे. मोबाइलवर पुसलेले पत्र घरच्या संगणकावरूनही जाते. शिवाय पदवीनंतर विद्यापीठाने दिलेले खाते बंद झाले, की सर्व्हरवरील दप्तरही हातचे जाते; तोवर प्रबंध पुरा झालेलाच असतो असे नाही.

देवनागरीपुरती एक अडचण आणखी आहे. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन वेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. डोळ्यांना भेद दिसत नाही, पण सर्व्हरवरील शोधास तो दिसू शकतो, आणि समोर असलेले पत्र ‘नाही’ ठरते. शब्दयाद्यांच्या अभ्यासकाने म्हणून दोन्ही रूपे शोधून पाहावीत.

संगणक एकच असेल व जुना पत्रव्यवहार जपणे हाच हेतू असेल, तर पॉप पुरेसा आहे. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण तेवढी करावी. एरवी दैनंदिन कामास आयमॅप घ्यावा, आणि दर महिन्यास निवडक पत्रे थंडरबर्डसारख्या कार्यक्रमातील स्थानिक कप्प्यात उतरवून त्या कप्प्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी.