खांद्याची टक्केवारी

सकाळी साडेसहा. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात आज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे हाडांच्या डॉक्टरांची साक्ष आहे, म्हणून चहाबरोबरच फाइल उघडतो. अर्जदार शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मोल्डर. वय ३४. रात्रपाळी सुटल्यावर दुचाकीवरून घरी जाताना महामार्गावर टेम्पोनं मागून उडवलं. उजव्या दंडाचं हाड खांद्याच्या सांध्यापाशी मोडलं, प्लेट बसवली. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जात नाही.

पाय गमावलेला माणूस न्यायाधीशांना दिसतो. खांदा गेलेला माणूस चालत येतो, नमस्कार करतो, सहीसुद्धा करतो. त्याचं नुकसान कोर्टात नाही, कामावर दिसतं. ते कागदावर आणणं हेच आमचं काम, आणि बरेच दावे तिथंच कमी पडतात.

साडेनऊ. नवरा-बायको ऑफिसात येतात. काम नेमकं काय होतं, हे मी पुन्हा विचारतो.

“पेटी उचलायची, उलटी करायची, परत वर ठिवायची. दोन्ही हात लागत्यात ओ. आता सुपरवायझर झाडायला लावतोय.”

“सदरा बी मीच चढवतो ह्यांच्या अंगात,” बायको सांगते. तिचंही वाक्य टिपून घेतो. वेदना, आजारपणातली शुश्रूषा, आयुष्यातल्या गेलेल्या सोयी, यांची भरपाई कमाईच्या नुकसानीहून वेगळी मागता येते.

अकरा. ज्यांनी शस्त्रक्रिया केली तेच डॉक्टर साक्षीला आले, हे फार बरं झालं. ज्यानं उपचारच केले नाहीत अशा डॉक्टरचा तयार दाखला न्यायाधिकरणानं जपूनच वाचायचा असतो. सरतपासात त्यांनी हालचालीचं माप सांगितलं. हात बाजूनं वर नेताना ८० अंशांवर थांबतो; निरोगी खांद्यात तो १८० पर्यंत जातो. उजव्या हाताचं कायमचं अपंगत्व २० टक्के.

मग विमा कंपनीच्या वकिलांचा उलटतपास. “हे २० टक्के एका हाताचे. पूर्ण शरीराचे?” “कमी भरतील.” “अर्जदार जेवू शकतो?” “हो.” “लिहू शकतो?” “हो.” प्रश्न रास्त आहेत, उत्तरं खरी आहेत. पण हा माणूस लिहून पोट भरत नव्हता.

राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये हेच स्पष्ट केलं. अवयवाचं अपंगत्व किती, हे डॉक्टर सांगतील. कमाईची ताकद किती घटली, हे न्यायाधिकरणानं माणसाचा धंदा, वय आणि उरलेली कामं पाहून ठरवायचं. डावा हात तुटलेल्या सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडेल, सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल. निवाड्यातलंच हे उदाहरण मी दरवेळी वाचून दाखवतो.

दोन. डबा, आणि सुपरवायझरला साक्षीसाठी समन्स काढण्याचा अर्ज.

चार. कागलहून एक काकू आल्या आहेत. अपघात निपाणीजवळचा, म्हणून दावा कर्नाटकातच लावायचा असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. तसं नाही, अर्जदार राहतो तिथंही दावा लावता येतो. मात्र उशीर नको. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांची मुदत लागू आहे. केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला, पण त्यावर विसंबून बसू नये. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, एक्स-रे हे सगळं पिशवीत घालून आणा म्हणून सांगितलं.

सहा. मोल्डरचा हिशेब मांडतो. पगार महिना १५,०००. वय चाळिशीच्या आत आणि पगार ठरावीक, म्हणून प्रणय सेठी निवाड्याप्रमाणे भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरायचे: २१,०००. वर्षाचे २,५२,०००. या वयाला सरला वर्मा निवाड्याचा गुणक १६, गुणाकार ४०,३२,०००. कमाईची घट १० टक्के धरली तर ४,०३,२०० रुपये, ३० टक्के धरली तर १२,०९,६००. खांदा तोच, दाखला तोच. मधले आठ लाख पेटी उचलण्याच्या पुराव्यावर अवलंबून आहेत. सुपरवायझर खरं बोलला तर ३० टक्के मागणं मला योग्यच वाटतं.

आठ. विमा कंपनीच्या वकिलांचा फोन: येत्या लोकअदालतीत मिटवू. त्यांनी सांगितलेला आकडा १० टक्क्यांच्या हिशेबाच्या आसपासचा. मी मोल्डरला तसंच कळवलं, आणि सुपरवायझरची साक्ष होईपर्यंत थांबावं असं माझं मतही सांगितलं. पतसंस्थेचे हप्ते थकलेत, ते म्हणाले. घरात बोलून उद्या सांगतो.